दाढी काढा, मग दार वाजवा : १९६८ ची अमेरिकन निवडणूक आणि कॉलेजची पोरं

(हे आपल्या एपिसोडचं शब्दांकन आहे. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी साफसफाई केली आहे, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

कोणी लोकलमध्ये असाल, कोणी मेसच्या रांगेत, कोणी अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून एका कानात इअरफोन घालून बसला असाल. चालतंय. पुस्तक तिथेच राहणार आहे, पळून जात नाही.

आजचा विषय अमेरिकेचा आहे, पण सुरुवात मी माझ्यापासून करतो.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावात नगरपरिषदेची निवडणूक लागली. आमच्या प्रभागात एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. पाण्याचा प्रश्न घेऊन. आमच्याकडे तेव्हा नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं, तेही पहाटे. आम्ही सहा-सात पोरं त्यांच्या प्रचाराला लागलो. पैसे वगैरे काही नाही, फार तर वडापाव. पत्रकं वाटली, मतदारयाद्या घेऊन गल्लोगल्ली फिरलो, घराघरात चिठ्ठ्या पोचवल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहायच्या, शिलाईकाम करायच्या. त्या म्हणाल्या, "मी काय कुणाला मत देत नाही रे, सगळे सारखेच." मी त्यांच्या उंबऱ्यावर अर्धा तास बसलो. शेवटी म्हणाल्या, "बरं, तू सांगतोस म्हणून देते."

सर निवडून आले. आम्ही गुलाल खेळलो. आणि सहा महिन्यांत सर समोरच्या गटात जाऊन बसले. पाणी आठवड्यातून दोनदाच येत राहिलं.

मला राग सरांचा आला, पण त्यापेक्षा जास्त लाज त्या मावशींची वाटली. एकदा रस्त्यात भेटल्या. काही बोलल्या नाहीत, फक्त "काय रे, बरा आहेस ना?" म्हणाल्या. त्यानंतर मी कित्येक वर्षं कुणाच्या प्रचाराला गेलो नाही. "आपण पोरं फक्त पत्रकं वाटायला," असं एक मत बनवून टाकलं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं मत असंच असणार. म्हणून आज मला तुम्हाला अशा पोरांची गोष्ट सांगायची आहे, ज्यांनी याच्या शंभरपट मोठं काम केलं आणि शंभरपट मोठा मार खाल्ला. ते काय करून बसले आणि त्याचं पुढे काय झालं, हे बघू.

आधी थोडं मागे

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की कॉलेजं तापतात, हे काही नवीन नाही. ओबर्लिन नावाच्या कॉलेजात १८६० पासून, म्हणजे लिंकनच्या निवडणुकीपासून, विद्यार्थी पक्षांचं खोटं खोटं अधिवेशन भरवायचे. व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठात १९०८ पासून हा प्रकार चालू आहे. पोरं राज्यवार प्रतिनिधी होतात, भाषणं ठोकतात आणि पक्ष कुणाला उमेदवारी देणार याचा अंदाज बांधतात. पण हा झाला सराव. खरी गंमत त्या अधिवेशनाच्या बाहेर पडल्यावर आहे.

१९६० मधला एक प्रसंग ऐका. १४ ऑक्टोबरला जॉन केनेडी प्रचार करत मिशिगन विद्यापीठात पोचले, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पायऱ्यांखाली हजारो पोरं थांबलेली. केनेडी थकलेले, लिहून आणलेलं भाषण नाही. त्यांनी साधा प्रश्न टाकला : तुमच्यातले किती जण डॉक्टर, इंजिनिअर होऊन घाना वगैरे देशांत जाऊन काम करायला तयार आहात? भाषण काही मिनिटांत संपलं. केनेडी झोपायला गेले.

पण पोरं झोपली नाहीत. पुढच्या दिवसांत त्यांनी सह्यांची मोहीम काढली, "आम्ही जायला तयार आहोत" म्हणून. ती बातमी प्रचारकांपर्यंत गेली. २ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या भाषणात केनेडींनी या योजनेची रीतसर घोषणा केली आणि निवडून आल्यावर १ मार्च १९६१ ला 'पीस कोअर' सुरू झाली. म्हणजे नेत्याने रात्री दोन वाजता एक प्रश्न विचारला, आणि विद्यार्थ्यांनी तो खरा मानला. हे पीस कोअर लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

आणि हे फक्त एका बाजूचं नाही बरं का. त्याच १९६० च्या सप्टेंबरमध्ये कनेटिकटमधल्या शॅरन गावी उजव्या विचारांची तरुण मुलं जमली आणि 'यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम' ही संघटना निघाली. १९६४ मध्ये ती पोरं बॅरी गोल्डवॉटर यांच्यासाठी राबली. गोल्डवॉटर सपाटून हरले, पन्नासपैकी फक्त सहा राज्यं मिळाली. सगळे म्हणाले, संपला विषय. पण ती पोरं घरी गेली नाहीत. सोळा वर्षांनी, १९८० मध्ये, रेगन निवडून आले तेव्हा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या फळीत हीच मंडळी होती, आता केस पिकायला लागलेली.

१९६७ : कुणी उभंच राहीना

आता मूळ गोष्ट. लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे पाच लाखांच्या आसपास सैनिक. सक्तीची सैन्यभरती चालू. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलाने नाव नोंदवायचं. कॉलेजात असाल तर सवलत, म्हणजे शिक्षण होईपर्यंत बोलावणं टळायचं. साहजिकच गरीब घरातली, कॉलेजात न गेलेली पोरं आधी जायची.

आणि मतदानाचं वय किती? जवळपास सगळ्या राज्यांत एकवीस. अपवाद मोजून चार. जॉर्जिया आणि केंटकीत अठरा, अलास्कात एकोणीस, हवाईत वीस. बाकी ठिकाणी हिशेब असा, की अठराव्या वर्षी तुम्ही बंदूक घेऊन जंगलात जाऊ शकता, पण तुम्हाला तिथे पाठवणाऱ्या माणसाला नको म्हणू शकत नाही.

ॲलर्ड लोवेनस्टाइन नावाचा एक धडपड्या कार्यकर्ता होता. कॉलेजं पालथी घालायचा. त्याचं म्हणणं साधं होतं : मोर्चे काढून झाले, आता जॉन्सनला त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षात हरवायचं. लोक हसले. सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच पक्षात कोण हरवणार? बरं, उमेदवार तरी कोण? लोवेनस्टाइन रॉबर्ट केनेडींकडे गेला, ते नाही म्हणाले. जॉर्ज मॅकगव्हर्नकडे गेला, तेही नाही म्हणाले. शेवटी मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी हो म्हणाले. ३० नोव्हेंबर १९६७ ला त्यांनी जाहीर केलं.

कम्युनिस्ट शोधत सुटलेला जो मॅकार्थी तुम्ही वाचला असेल, तो हा नव्हे. तो जोसेफ. हा यूजीन, माजी प्राध्यापक, कविता करणारा, सभेत आवाज न चढवणारा, थोडा तिरकस माणूस. टाळ्या कशा घ्यायच्या हे त्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून घ्यायच्या नव्हत्या.

न्यू हॅम्पशायर

पहिली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी पहिली निवडणूक, न्यू हॅम्पशायर या छोट्याशा राज्यात होती. तारीख १२ मार्च १९६८. बर्फ, थंडी आणि जुन्या वळणाची माणसं.

त्याआधी दोन गोष्टी झाल्या. जानेवारीच्या शेवटी व्हिएतनामी सणाच्या दिवसांत, टेटमध्ये, उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँगने दक्षिणेतल्या शहराशहरांवर एकाच वेळी हल्ले केले. सरकार सांगत होतं युद्ध जिंकत आलोय, आणि टीव्हीवर सायगावच्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात गोळीबार दिसत होता. दुसरं, फेब्रुवारीत सरकारने पदवीनंतर पुढे शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची भरतीतली सवलत काढून टाकली. म्हणजे जूनमध्ये पदवी घ्यायची आणि पुढे काय, हा प्रश्न आता अनेकांच्या घरात शिरला.

पोरं निघाली. बसने, जुन्या गाड्यांनी, लिफ्ट मागत. हार्वर्डमधून, येलमधून, पार मिशिगनपासून. चर्चच्या तळघरात, कुणाच्या दिवाणखान्यात, स्लीपिंग बॅगमध्ये झोपायची. शेवटच्या आठवड्यांत शनिवार-रविवारी हा आकडा हजारांत गेला. सॅम ब्राउन नावाचा हार्वर्डमध्ये धर्मशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी या सगळ्या पोरांची व्यवस्था लावत होता.

आता अडचण बघा. १९६८ चं साल, पोरांचे केस खांद्यापर्यंत, दाढ्या, गळ्यात माळा. आणि दार उघडणार कोण? साठ वर्षांच्या आजी, ज्यांचा नातू कदाचित सैन्यात आहे. त्या अशा पोराला बघून कडी लावणार. मग नियम निघाला. केस कापा, दाढी काढा, शर्ट-टाय घाला. मुलींनी मिनीस्कर्ट नको. ज्यांना दाढी काढायची नव्हती, त्यांनाही काम होतं, पण आत. तळघरात बसून पाकिटं भरायची, पत्ते लिहायचे. दारावर जायचं नाही. या प्रकाराला नाव पडलं 'क्लीन फॉर जीन'. जीन म्हणजे यूजीन. जीनसाठी स्वच्छ व्हा!

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो. त्या काळात केस वाढवणं ही फॅशन नव्हती नुसती, ती भूमिका होती. बापाशी भांडून वाढवलेले केस होते ते. ते कापायचे म्हणजे काय, आपली ओळख बाजूला ठेवायची. बरेच मित्र चिडवत असणार, की व्यवस्थेपुढे वाकलास. पण या पोरांनी स्वतःला एक प्रश्न विचारला : मला बरोबर दिसायचंय, की युद्ध थांबवायचंय? समोरच्या आजींनी माझं ऐकावं असं वाटत असेल, तर आधी त्यांनी दार उघडायला हवं.

दुसरा नियम त्याहून अवघड. वाद घालायचा नाही. समोरचा म्हणाला युद्ध बरोबर आहे, तरी नम्रपणे ऐकायचं, पत्रक द्यायचं, आभार मानायचे आणि पुढचं घर गाठायचं. एकोणीस-वीस वर्षांच्या हुशार पोराला वाद घालू नको म्हणणं म्हणजे काय, हे मी कॉलेजात वादविवाद स्पर्धा केलेला माणूस सांगतो. जेवू नको म्हटलेलं परवडतं.

आणि यातल्या बहुतेकांना स्वतःला तिथे मत देता येत नव्हतं. एक तर वय एकवीसच्या आत, दुसरं म्हणजे बाहेरच्या राज्यातले. ते मतदार नव्हतेच.

त्यात एक मुलगी वेलस्ली कॉलेजमधली होती. कॉलेजच्या तरुण रिपब्लिकन गटाची ती अध्यक्ष राहिलेली, १९६४ ला शाळेत असताना गोल्डवॉटरचा प्रचार केलेला. म्हणजे पूर्ण उलट बाजूची. युद्धाने तिचं मत बदललं, आणि ती सुट्टीच्या दिवशी गाडी काढून न्यू हॅम्पशायरला पाकिटं भरायला आणि घरं फिरायला यायची. नाव हिलरी रॉडम. पुढे आडनावात क्लिंटन जोडलं गेलं.

जॉन्सनच्या बाजूने काय चाललं होतं? त्यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंच नव्हतं. समर्थकांनी ते हाताने लिहायचं होतं. पक्षाच्या लोकांनी नंबर घातलेली कार्डं वाटली : सही करा, एक भाग तुमच्याकडे, एक पक्षाकडे, एक व्हाइट हाऊसला. लोकांना ते आवडलं नाही. आम्ही कुणाला मत देतो याची पावती द्यायची? वर प्रचार असा, की मॅकार्थींना मत दिलं तर हनोईत टाळ्या वाजतील. आपल्याकडे असं काही ऐकल्यासारखं वाटतंय का? मी काही बोलत नाही.

निकाल लागला. जॉन्सन साधारण ४९ टक्के, मॅकार्थी ४२ टक्के. म्हणजे मॅकार्थी हरले. पण सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाला आपल्याच पक्षात निम्मीही मतं मिळाली नाहीत. शिवाय जॉन्सनच्या बाजूने जागांपेक्षा जास्त माणसं प्रतिनिधी म्हणून उभी होती, त्यांची मतं फुटली. त्यामुळे २४ पैकी २० प्रतिनिधी मॅकार्थींचे निवडून आले.

चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले. तेच केनेडी, जे आधी नाही म्हणाले होते. पोरं भडकली. आम्ही बर्फात हिंडलो आणि हे आयते आले! आणि ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन टीव्हीवर आले. व्हिएतनामवर बोलले आणि शेवटी म्हणाले की मी पुन्हा उमेदवारी घेणार नाही. दोन दिवसांवर विस्कॉन्सिनची प्रायमरी होती, जिथे हीच पोरं घरं फिरत होती.

विचार करा. ज्यांना मताचा अधिकार नाही, अशा पोरांनी धक्का दिला आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान खुर्चीवरचा माणूस बाजूला झाला.

इथे संपवलं असतं तर छान प्रेरणादायी रील झालं असतं. पण पुढे ऐका.

मग मार

पहिला धक्का नंतर अभ्यासकांनी दिला. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी मतदारांच्या मुलाखती तपासल्या. तर न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थींना मत देणाऱ्यांत असे लोक जास्त निघाले, ज्यांना वाटत होतं की जॉन्सन युद्ध पुरेसं जोरात लढत नाहीत! त्यांना शांतता नको होती. त्यांना फक्त जॉन्सनवर राग काढायचा होता. दारावर वाद घालायचा नाही, हा नियम होता ना? त्याची ही दुसरी बाजू. समोरच्याने हो म्हटलं, पण कशाला हो म्हटलं ते कळलं नाही.

हे कळल्यावर मला माझ्या मावशी आठवल्या. "तू सांगतोस म्हणून देते." त्यांनी पाण्यासाठी मत दिलं नव्हतं. माझ्यासाठी दिलं होतं. मी त्याला विजय समजलो.

दुसरे धक्के एकामागून एक आले. ४ एप्रिलला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या आणि पोलिसांनी त्या झोडपून रिकाम्या केल्या. मॅकार्थींनी ओरेगॉनमध्ये केनेडींना हरवलं, केनेडींनी ४ जूनला कॅलिफोर्निया जिंकलं आणि त्याच मध्यरात्रीनंतर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ६ जूनला ते गेले.

ऑगस्टच्या शेवटी शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हंफ्री उमेदवार ठरले. हंफ्रींनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. कसं शक्य आहे? तर तेव्हा मोजक्याच राज्यांत प्रायमरी व्हायच्या. बाकी राज्यांचे प्रतिनिधी पक्षाचे स्थानिक पुढारी ठरवायचे, बंद खोलीत. म्हणजे पोरं ज्या मैदानात जिंकत होती, त्या मैदानात सामनाच नव्हता. हंफ्रींना साडेसतराशेच्या वर मतं, मॅकार्थींना सहाशे एक.

रस्त्यावर शिकागोचे पोलीस आंदोलकांना मारत होते, टीव्हीवर सगळा देश बघत होता. नंतरच्या चौकशी अहवालाने त्याला पोलिसांचीच दंगल म्हटलं. आणि शेवटच्या रात्री, पहाटेच्या सुमारास, पोलीस हिल्टन हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर घुसले. तिथे मॅकार्थींच्या प्रचारातली पोरं होती. पोलिसांचं म्हणणं, वरून आमच्यावर वस्तू फेकल्या. त्यांनी खोल्यांतून पोरांना बाहेर काढून लाठ्यांनी मारलं. मॅकार्थी स्वतः तिथे आले.

ही तीच पोरं होती हो. ज्यांनी दाढ्या काढल्या, टाय लावले, वाद घातला नाही. व्यवस्थेच्या नियमाने चालली, ती.

नोव्हेंबरमध्ये निक्सन जिंकले. अगदी थोड्या फरकाने, पाचेक लाख मतांनी. युद्ध आणखी काही वर्षं चाललं. एकट्या १९६८ मध्ये सोळा हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी माणसांची मोजदाद तर त्याच्या कितीतरी पुढची.

घरी न गेलेली पोरं

आता तुम्ही म्हणाल, मग काय उपयोग झाला? बरोबर. हाच प्रश्न त्यांनाही पडला. बरेच जण कायमचे बाहेर पडले. काही हिंसेच्या वाटेने गेले. पण काही जण चिकटून राहिले आणि त्यांनी एक कंटाळवाणं काम धरलं : नियम.

शिकागोच्या गोंधळामुळे पक्षाला उमेदवार निवडीचे नियम तपासायला आयोग नेमावा लागला, मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली. आयोगाने सांगितलं की बंद खोलीतला कारभार बंद. प्रतिनिधी निवडायची पद्धत लेखी आणि खुली हवी, त्यात महिला, कृष्णवर्णीय आणि तरुण यांना जागा हवी. त्यामुळे प्रायमरींची संख्या वाढत गेली. आज अमेरिकेतली निवडणूक सुरू झाली की तुम्ही न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना अशी नावं महिनोन्महिने ऐकता ना, त्याचं मूळ इथे आहे.

दुसरं म्हणजे वय. जेनिंग्ज रँडॉल्फ नावाचे एक लोकप्रतिनिधी १९४२ पासून अठराव्या वर्षी मताधिकार द्या म्हणत होते. कुणी ऐकत नव्हतं. १९७१ च्या मार्चमध्ये काँग्रेसने २६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १ जुलैपर्यंत पुरेशा राज्यांनी मान्यताही दिली. जेमतेम शंभर दिवस. इतक्या वेगाने मान्यता मिळालेली दुसरी दुरुस्ती अमेरिकेच्या घटनेत नाही. जिथे एकोणतीस वर्षं लागली, तिथे शंभर दिवस पुरले, कारण मधल्या काळात पोरं दारं वाजवून आली होती आणि युद्धावर जाऊनही आली होती.

आपल्याकडे हीच गोष्ट १९८८ च्या डिसेंबरमध्ये झाली, ६१ वी घटनादुरुस्ती. २८ मार्च १९८९ पासून वय एकवीसवरून अठरा. त्याआधी आपले काका-मावश्या वीस वर्षांच्या असतील, तर त्यांना मत नव्हतं. घरी विचारून बघा.

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या अठरा वर्षांच्या पोरांनी राष्ट्राध्यक्षासाठी पहिल्यांदा देशभर मतदान केलं. मॅकगव्हर्न उमेदवार होते, पोरं पुन्हा जोरात. आणि मॅकगव्हर्न पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले! तरुणांची मतं एकगठ्ठा पडलीच नाहीत. अठरा ते चोवीस वयातले निम्म्याच्या आसपासच मतदानाला आले. 'तरुण' नावाचा एक मतदार नसतो, हे तेव्हा पुन्हा कळलं.

आणि सॅम ब्राउन? तो १९६९ मध्ये युद्धविरोधी देशव्यापी बंदच्या, मोरॅटोरियमच्या, आयोजकांत होता. नंतर कोलोरॅडो राज्याचा खजिनदार म्हणून निवडून आला. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्याला 'ॲक्शन' या सरकारी संस्थेचा प्रमुख केलं. त्या संस्थेखाली कोण होतं, ओळखा? पीस कोअर. एका पिढीच्या विद्यार्थ्यांनी सह्या गोळा करून उभी केलेली गोष्ट पुढच्या पिढीच्या एका विद्यार्थ्याच्या हातात आली.

त्यानंतर दर वेळी कुणीतरी १९६८ आठवतंच. २००८ मध्ये आयोवात ओबामांसाठी पोरं पुन्हा घराघरात हिंडली, आता हातात फेसबुकही होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये गाझाच्या युद्धावरून कोलंबिया विद्यापीठात तंबू पडले, आणि डेमोक्रॅटिक अधिवेशनही नेमकं शिकागोत होतं. जो तो म्हणाला, बघा, तेच साल परत आलं. साल परत येत नसतं. पण जुने प्रश्न येतात : बाहेर उभं राहून ओरडायचं, की आत जाऊन दार वाजवायचं? मला वाटतं, दोन्ही लागतं. १९६८ मध्ये नुसतं रस्त्यावर राहून नियम बदलले नसते, आणि रस्ता शांत असता तर आयोग नेमलाच नसता.

तर मग मावशी

आपल्या महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या कायद्यात पुन्हा तरतूद आली. तुमच्या कॉलेजात झाल्या का, ते तुम्हीच मला कळवा. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांचा निवडणुकीशी पहिला संबंध येतो तो कुणाची तरी पत्रकं वाटताना. माझा तसाच आला. आणि पहिल्याच फटक्यात मी घरी बसलो.

हा एपिसोड लिहिताना मला कळलं की माझी चूक सरांवर विश्वास ठेवणं ही नव्हती. माझी चूक ही, की निकालाच्या दिवशी माझं काम संपलं असं मी धरलं. सर गट बदलून बसले तेव्हा आम्ही सहा-सात पोरं त्यांच्या दारात जाऊन "पाण्याचं काय?" एवढं विचारू शकलो असतो. त्याच मतदारयाद्या आमच्याकडे होत्या. तेच दरवाजे ओळखीचे होते. मावशींना बरोबर घेऊन गेलो असतो तर बिशाद नव्हती सरांची उत्तर न द्यायची. आम्ही नाही गेलो. आम्ही कट्ट्यावर बसून राजकारणाला शिव्या दिल्या.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. मावशी अजून शिलाई करतात, चष्मा जाड झालाय. मी त्यांना म्हणालो, "मावशी, तेव्हा तुम्हाला मी मत द्यायला लावलं, चुकलं माझं." त्या हसल्या. म्हणाल्या, "अरे, मत दिलं त्याचं काही नाही. पण तू नंतर आलाच नाहीस की."

बस. एवढंच.

तुमच्यासाठी दोन छोटी कामं. सतरा पूर्ण झाली असतील तर मतदारयादीसाठी फॉर्म ६ आत्ताच आगाऊ भरता येतो. आता वर्षातून चार तारखांना पात्रता धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. निवडणूक आयोगाच्या ॲपवर होतं काम, हा एपिसोड ऐकता ऐकता होईल. आणि दुसरं, कधी कुणासाठी दार वाजवलंत, तर निकालानंतर त्याच दारावर एकदा परत जा. जिंकलात तरी, हरलात तरी.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमचे पत्रकं वाटल्याचे किस्से मला व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा, चांगले-वाईट दोन्ही. काळजी घ्या!